उघडा कंस

२ सप्टेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. नोकरी पक्की, खोली मिळाली, आणि खोलीच्या खिडकीतून समोर अख्खा डोंगर. या दिवसांत गावभर तंबाखू वाळत घातलेला असतो, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, कबरस्तानाच्या भिंतीवरसुद्धा. स्कूटरवरून येताना इतक्या शिंका आल्या की दोनदा थांबावं लागलं. सहा वर्षं सेमारांगच्या शहरी हवेत काढली की नाक नाजूक होतं, असं घरमालकीण म्हणाली. मी म्हटलं, नाक झालंय, जीभ नाही.

माझं गाव याच तालुक्यात, वर दीड तासावर. आई तिथे एकटी असते. वडील जाऊन चार वर्षं झाली. म्हणून तर शहरातली बरी नोकरी सोडून इथल्या नागरी नोंदणीच्या ऑफिसात आले. जन्म, मृत्यू, लग्न, ओळखपत्रं, सगळा तालुका या ऑफिसातल्या एका संगणकात आहे, आणि तो संगणक आजपासून माझ्याकडे.

शेजारच्या टेबलावर पाक सुतिक्नो. बत्तीस वर्षं तिथेच बसतात. माझं नाव ऐकून म्हणाले, "पोनिरा? हे तर माझ्या आजीच्या वेळचं नाव. पानसुपारीचा डबा आणलाय का म्बाक?" मी म्हटलं, "आणलाय, पण चावायला तुम्हाला दात आहेत का पाक?" जोरात हसले. मी त्यांना पाक म्हणायचं, काकांसारखं, त्यांनी मला म्बाक, ताईसारखं; जमेल आमचं.

समोर स्लामेतची चहाची गाडी. गडी चाळिशीचा असेल. ग्लासावर चमचा तीनदा वाजवल्याशिवाय चहा देत नाही, भसाड्या आवाजात गातो, आणि पहिल्या दिवशी म्हणून तळलेल्या तेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, एक तुकडा फुकट दिला. त्याची बायको यात्मी ओरडली की याच्याकडे रोजच कुणाचा तरी पहिला दिवस असतो.

ही वही बाजारात घेतली. पहिल्या पानावर निळ्या शाईने मोठ्या अक्षरांत नाव घातलंय. हस्ताक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज काम समजून घेतलं. आमच्या संगणकाला आज्ञा देताना दोन गोष्टी सांगायच्या असतात: काय हवं, आणि कुठल्या साच्यात हवं. आजवर इथे एकच साचा चालायचा, तक्त्याचा. उभे रकाने, आडव्या ओळी, एका ओळीत एक माणूस. छापला की भिंतीवर लावण्याइतका देखणा.

आता प्रांताच्या ऑफिसाला कंसांचा साचा हवा आहे. त्यात प्रत्येक माणसासाठी एक महिरपी कंस उघडायचा आणि आत एकेक गोष्ट नावानिशी सांगायची. नाव: अमुक. वडील: अमुक. गाव: अमुक. सगळं सांगून झालं की कंस बंद. माणसाला दिसायला ओबडधोबड, पण यंत्राला वाचायला सोपं. वीस तारखेला, शुक्रवारी अकरा वाजता, अख्ख्या तालुक्याची फाईल या साच्यात गेली पाहिजे.

पाक सुतिक्नो म्हणाले की तक्ता चांगला आहे, तक्त्यातच मागत जा. मी म्हटलं, वरून हुकूम आहे. ते हसले आणि बघू म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, आणि मला सोडलं तर कुणाला त्याचा रागही येत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

फजिती. चाचणी म्हणून एका गावाची फाईल हाताने जुळवून वर पाठवली. दहा मिनिटांत परत. कारण काय, तर शेवटच्या माणसाचा कंस मी बंदच केला नव्हता. एका माणसाचा कंस उघडा राहिला की यंत्र कुणालाच वाचत नाही, अख्खं गाव दारात उभं. पाक सुतिक्नोंनी ही गोष्ट दुपारपर्यंत ऑफिसभर केली. स्लामेतने चहा देताना विचारलं, "म्बाक, ग्लासाला झाकण लावून देऊ का, नाहीतर परत पाठवाल?" मीही हसले. कंस घातला, फाईल गेली.

५ सप्टेंबर, गुरुवार

तक्त्यात मोजले तर जेवढे लोक येतात त्यापेक्षा कंसांच्या साच्यात एकेचाळीस जास्त येतात.

आधी वाटलं माझीच चूक. तीनदा मागवून पाहिलं. तेच. मग ते एकेचाळीस वेगळे काढले. सगळे असे:

{ नाव: ब्राताजय, ओळखक्रमांक: रिकामं, वडील: रिकामं, आई: रिकामं, गाव: रिकामं, स्थिती: रिकामं }

नाव आहे आणि बाकी काही नाही. पाक सुतिक्नोंना पडद्याजवळ बोलावलं. बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग सांगितलं.

आपल्याकडे मूल सारखं आजारी पडलं की म्हणतात नाव जड झालं. मग लाल-पांढरी लापशी करून शेजारीपाजारी वाटायची आणि साधंसं, हलकं नाव ठेवायचं. नोंदवहीत जुन्या नावावर लाल रेघ मारून वर नवं लिहायचं, असा नियम. पाक सुतिक्नो तेव्हा तरुण होते, त्यांचा स्वतःचा एक मुलगा नुकताच गेला होता. मुलाच्या नावावर लाल रेघ मारायला त्यांचा हात होईना. म्हणून ते जुनं नाव खाली वेगळ्या ओळीवर उतरवून ठेवायचे, बाकी रकाने कोरे. वह्या संगणकात चढवल्या तेव्हा त्या ओळीही चढल्या. लाज वाटली म्हणून त्यांनी तक्त्याला सांगून ठेवलं की ओळखक्रमांक नसलेली ओळ दाखवायची नाही. कंसांच्या साच्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.

ब्राताजय म्हणजे आपला चहावाला स्लामेत. ऐकून मला हसू आवरेना. ब्राताजय, एवढं राजेशाही नाव, आणि खांद्यावर कळकट फडका!

मग यादीत खाली गेले. एकोणतिसावं नाव रत्ना आदिवर्धनी. ती मी.

तीन वर्षांची होते तेव्हा मला तापात झटके यायचे. एकदा तर आईने मला पाठीला बांधून रात्रभर चालत दवाखाना गाठला. मग लापशी झाली आणि मी पोनिरा झाले, कारण जन्म पोनचा. आमच्याकडे सात वारांबरोबर दर पाच दिवसांनी फिरणारे बाजारवारही असतात, पोन त्यातला एक. शुक्रवार, पोन. ताप त्यानंतर आला नाही. राजकन्येचं नाव गेलं आणि आजीबाईचं मिळालं, याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज पुन्हा मागवलं. ब्राताजयच्या नोंदीत गाव भरलंय, वडीलही भरलेत. कुणी भरले? आमच्याकडे लिहायची परवानगी दोघांनाच, मला आणि पाक सुतिक्नोंना. ते शपथेवर नाही म्हणाले, म्हणजे चक्क नाही म्हणाले.

आणि स्लामेतच्या नोंदीत गाव आणि वडील रिकामे.

९ सप्टेंबर, सोमवार

मी विचार करतेय आणि मला तो विचार आवडत नाही. तक्त्यात रिकामी जागा म्हणजे नुसती रिकामी जागा, कुणी तिच्याकडे बघत नाही. कंसांच्या साच्यात रिकामेपणालाही नावाने हाक मारली जाते. वडील: रिकामं. आई: रिकामं. हे विचारण्यासारखंच झालं, की बाबा रे, तुझे वडील कोण? तुझी आई कोण? तीस-तीस वर्षं ज्यांना कुणी काही विचारलं नाही त्यांना मी गेल्या आठवड्यापासून रोज विचारतेय, दिवसातून चार चार वेळा.

आणि ते उत्तर देताहेत.

स्लामेतकडे चहा प्यायले. विचारलं, तुझे वडील कुठले रे? तो चमचा हातात धरून थांबला. मग हसत म्हणाला, "घ्या. जिभेवर आहे म्बाक, आणि सुटत नाही. म्हातारा झालो वाटतं." यात्मीने सांगायला तोंड उघडलं आणि तीही थांबली.

१० सप्टेंबर, मंगळवार, पोन

स्लामेत नाही.

गाडी आहे, यात्मी आहे, तो चेहराही तिथेच आहे. पण तो सरळ उभा होता, केस चापून, सदरा इस्त्रीचा. चमचा वाजवला नाही. चहा मोजून, साखर मोजून. मला अगदी अदबीने म्हणाला, "आपण इथे नवीन दिसता." यात्मीने त्याला पाक ब्राताजय म्हणून हाक मारली. जणू लग्नापासून हेच म्हणत आली असावी. मी विचारलं, यात्मीबाई, स्लामेत कुठाय? तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "कोण स्लामेत?"

संगणकात ब्राताजयची नोंद पूर्ण आहे. स्थिती: हयात. स्लामेत आता रिकाम्यांत. तक्त्यात तर तो कुठेच नाही.

काही जण म्हणतील, माणूस तोच, नाव बदललं, त्यात काय एवढं. तो माणूस तो नाही. ज्याने मला झाकणावरून चिडवलं तो कुठेतरी गेलाय, आणि त्याच्या कातडीत कुणीतरी साखर मोजतंय.

पाक सुतिक्नोंनी जुनी वही काढली. स्लामेतचा जन्म मंगळवार, पोन. म्हणजे आजचाच. ज्याचा जो जन्मवार आणि बाजारवार, तो जुळून आला की नोंद पुरी होते.

माझा शुक्रवार, पोन. वीस तारीख.

११ सप्टेंबर, बुधवार

घाबरून बसणाऱ्यांतली मी नाही. सकाळी आल्याबरोबर रत्ना आदिवर्धनी काढून टाक म्हणून आज्ञा दिली. उत्तर आलं: शून्य नोंदी काढल्या. तिला ओळखक्रमांकच नाही, काढणार कशावरून? नाव लावून काढायला गेले तरी शून्य. परत, परत. शून्य.

तिच्याकडे माझं गाव गेलंय, वडीलही. मी माझ्या नोंदीत वडिलांचं नाव पुन्हा लिहिलं. कार्तोविर्जो. संगणकाने घेतलं. पुन्हा मागवलं तेव्हा रिकामं. पुन्हा लिहिलं. सतरा वेळा लिहिलं. अठराव्या वेळी बोट कळांवर गेलं आणि नाव आठवेना. वर याच पानावर लिहिलंय म्हणून बघून टाकलं. ही वही घेतली ते बरं केलं. कागदाला कुणी आज्ञा देत नाही.

त्यांचा चेहरा अजून आठवतो. विडी वळताना जीभ बाहेर काढायचे. हे लिहून ठेवतेय.

मागायचं बंद करून पाहिलं, दुपारभर एकही आज्ञा दिली नाही. काही उपयोग नाही. एकदा विचारलेला प्रश्न परत घेता येत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज पाक सुतिक्नोंशी भांडले. ऑफिसात कुणी एवढा आवाज चढवत नाही, सगळे भिंतीकडे बघायला लागले.

ते म्हणाले, "म्बाक, नाव तुमचंच होतं ना? आई-बापाने हौसेने ठेवलेलं. घेऊन टाका परत. लापशी मी करवतो, चार घरं मी स्वतः फिरतो. भांडण कशाला? तिचाही काही हक्क असेल."

मी म्हटलं, "तिचा? ताप कुणाला आला? झटके कुणी खाल्ले? नाव तेवढं अंगावर घेऊन ती वहीत झोपली होती पाक, आणि मी शाळेत पोनिरा पोनिरा म्हणून चिडवून घेत होते. सत्तावीस वर्षं मी काढलीत. ती आयत्या घरात येणार आणि मी लापशी वाटू?"

मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले, की तुमच्या हळव्या हातामुळे एकेचाळीस माणसं चाललीत. त्यांचे डोळे भरले. थोड्या वेळाने त्यांनी पेन काढून स्वतःच्या तळहातावर माझं नाव लिहिलं. म्हणाले, मी विसरणार नाही. मला वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही. उद्या मागेन.

१५ सप्टेंबर, रविवार, पोन

आईकडे गेले.

नेहमी मी दारातून ओरडते आणि ती चुलीपासूनच विचारते, जेवलीस का न्दुक, पोरी? आज ओरडले. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारात थांबली. म्हणाली, "या म्बाक. कुणाकडे आलात?"

मला बैठकीच्या खुर्चीवर बसवलं. झाकणाच्या ग्लासात चहा आणला, पाहुण्यांना देतात तसा. माझा पोपटी कपचा उडालेला मग फळीवर दिसत होता. मी म्हटलं, आई, मी पोनिरा. ती हसली, परक्या माणसाला दुखवू नये म्हणून हसतात तसं. म्हणाली, असेल, आमच्या वाडीत पूर्वी एक पोनिरा होती, लवकर गेली बिचारी. मग भिंतीवरचा फोटो दाखवायला उठली. पदवीचा, माझा. "ही आमची रत्ना. शुक्रवारी येणारेय. लहानपणी फार आजारी असायची, पाठीवर घेऊन रात्रभर चाललेय मी हिला."

ती रात्रही गेली. माझी ती रात्र आईने तिला देऊन टाकली.

मी रडले नाही. चहा पूर्ण प्यायले. निघताना ती आत पाणी आणायला गेली तेव्हा फळीवरचा मग उचलून पिशवीत टाकला. चोरी म्हणायचं असेल तर म्हणा. तो माझा आहे, त्याचा कपचा मी उडवलाय, सातवीत असताना.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हजेरीच्या यंत्राने चेहरा घेतला नाही. तीनदा. पहारेकऱ्याने पाहुण्यांची चिठ्ठी भरायला लावली. कुणाला भेटायचंय या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं. असं कुणी इथे नाही, म्हणाला. मी म्हटलं, आहे, आणि आत गेले.

घरमालकिणीने खोली बघायला दुसरी माणसं आणली होती. मी दार लावून घेतलं. भाडं भरलंय मी.

पाक सुतिक्नो दर तासाला तळहात बघतात आणि मग मला हाक मारतात. अजून मारतात. शाई पुसली जाते म्हणून हात धूत नाहीत. उजव्या हाताने जेवायचं म्हणून डाव्यावर लिहिलंय. आज माफी मागितली. ते म्हणाले, "कशाची?" विसरले होते, की विसरल्यासारखं केलं, आमच्या लोकांचं कळत नाही.

तिच्याकडे आता ओळखक्रमांकही आहे; तो लावून काढायला गेले तरी शून्य. उरलं फक्त एक. स्थिती.

१८ सप्टेंबर, बुधवार

एक सापडलं. नीट लिहिते.

कंसांच्या साच्यात दुसऱ्या गावातल्या एका बाईच्या जुन्या नावाची नोंद मागवली. उत्तर पडद्यावर उतरत होतं. आजवर रिकामी असलेली आई तिथे भरून आली. मी कंस बंद व्हायच्या आत आज्ञा तोडली. पुन्हा बघितलं — आई पुन्हा रिकामी. मूळ बाईची आई मूळ बाईकडे.

पाच वेळा करून पाहिलं. कंस बंद झाला की उत्तर पक्कं. बंद नाही झाला की काहीच झालं नाही. उघड्या कंसातल्याला कुणी वाचू शकत नाही, आणि नेऊही शकत नाही. चार तारखेला अख्खं ऑफिस ज्यावर हसलं तेच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या पानावरचं नाव फिकं झालंय. निळ्यावरून पुन्हा निळं गिरवलं. दुपारी परत फिकं. परत गिरवलं. कागदाला भोक पडलं तरी चालेल. म्हणजे कागदही —

तर उद्या असं. अकरा वाजता वरचं यंत्र फाईल उचलणार. फाईल मी हाताने जुळवतेय. सगळ्यात पहिली नोंद माझी. माझा कंस उघडणार आणि बंद करणार नाही. फाईल परत येईल. पुन्हा पाठवीन, उघडी. परत येईल. मला काढतील तोवर पाठवीन. मला कसं काढणार, मी कुठे आहे त्यांच्या यादीत?

आई तेवढी — आई परत येईल की नाही माहीत नाही. पण माझ्या जागी रत्नाला बसवून आईने तिच्यासाठी चहा करावा, हे मी होऊ देणार नाही. पोपटी मग टेबलावर ठेवलाय.

२० सप्टेंबर, शुक्रवार, पोन

दहा वाजून दहा. ऑफिस भरलंय. नमाजाआधी कामं उरकायची म्हणून गर्दी.

ती आलीय. रांगेचा नंबर घेऊन बसलीय, समोरच्या बाकावर. अंगात सणाची जांभळी केबाया, केसांचा अंबाडा. चेहरा — लिहीत नाही. आरशात रोज बघते. येणारे-जाणारे तिला वाकून नमस्कार करताहेत.

दहा चाळीस. पाक सुतिक्नोंनी तळहात बघितला. बराच वेळ बघितला. मग माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाई, हे काय लिहिलंय वाचता का? मला लागत नाही." मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. कुणाचं नाव ते कळलं नाही त्यांना. पण माझ्या शाईने माखलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग उठले आणि तीन नंबरच्या खिडकीवर पाटी लावली, थोड्या वेळाने या. तीन म्हणजे ओळखपत्रांची खिडकी, तिचा नंबर तिथलाच. कशासाठी लावली ते त्यांनाही सांगता येईना.

अकरा. फाईल गेली.

अकरा सात. परत आली. कंस उघडा, एकही नोंद वाचता आली नाही. पुन्हा पाठवली.

अकरा बारा. परत. पाठवली.

ती उठलीय. नंबर पुकारलेला नाही तरी —

टेबलाशी उभी आहे. आवाज माझा, बोलणं मात्र किती गोड. ओरडत नाही, ओढत नाही. संगणकाकडे बघतसुद्धा नाही. या वहीकडे बोट दाखवते आणि म्हणते, "म्बाक, तेवढं पुरं करून द्या ना. मी थांबते."

पहिलं पान उघडून पाहिलं. कोरं. भोक आहे, नाव नाही. मागची पानंही फिकी — शाई नव्हे, मीच — वडिलांचं नाव होतं त्या पानावर, अकरा तारखेला, तिथे आता —

म्हणजे ही वहीसुद्धा एक नोंदच होती. रोज लिहायचं, रोज पूर्णविराम द्यायचा. वीस दिवस मी स्वतःहून एकेक गोष्ट पुरी करून तिच्या हातात देत होते.

बरं. मग तिच्याच साच्यात देते. घे.

{ नाव: पोनिरा,
वडील: विडी वळताना जीभ बाहेर काढणारे,
आई: जिच्या पाठीवर मी होते, मी, तू नव्हेस,
गाव: जिथे पोपटी मगाचा कपचा उडाला,
स्थिती: हयात,

"पुरं करा ना," म्हणते. हात पुढे केलाय. बोटं माझ्यासारखीच, पण शाई लागलेली नाही.

नाही करणार. रत्नाबाई, बसा बाकावर. आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, मी म्हणते. नाही. कंस उघडा आहे आणि उघडाच राहील, आणि तो उघडा आहे तोवर माझं सांगून झालेलं नाही, तू थांब, नंबर हातात धरून थांब, माझी शाई संपली तर पेन्सिल आहे, पेन्सिल संपली तर नख आहे, मी अजून सांगतेय, मला अजून पुष्कळ सांगायचंय, चमचा तीनदा वाजवणाऱ्या त्या माणसाचं, पाठीवरच्या त्या रात्रीचं, आणि मी इथे पूर्णविराम देणार नाही, मी अजून